खिडकीची कॉट : रुग्णालयांचे नकाशे काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र शासन,
तसेच शासकीय रुग्णालयांच्या नव्या इमारतींचे नकाशे काढणारे सर्व वास्तुविशारद

विषय : रुग्णाला कॉटवर पडल्यापडल्या झाड दिसेल अशी तरतूद नकाशातच करण्याबाबत

सविनय नमस्कार.

मी ३४ वर्षे शासकीय रुग्णालयांत नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणजे स्टाफ नर्स म्हणून रुजू झाले, परिसेविका म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. त्यातली बरीच वर्षे एका जिल्ह्याच्या ठिकाणी, स्त्रियांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात गेली. त्या वॉर्डात माझ्याकडे सगळ्यात जास्त वेळा कुठली गोष्ट मागितली गेली असेल तर ती खिडकीची कॉट. पंख्याखालची कॉट लोक उन्हाळ्यात मागतात, बाथरूमजवळची म्हाताऱ्या बायका मागतात. खिडकीची बारा महिने मागतात. ‘सिस्टर, ती बाई घरी गेली की आमच्या आईला तिथं हलवा हो’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की ते कुणाच्या तोंडचं, हे वेगळं आठवत नाही.

खिडकीबाहेर एक झाड होतं. सगळे त्याला शिरीष म्हणत. पुस्तकात त्याला पर्जन्यवृक्ष म्हणतात. दोन मजल्यांच्या वर गेलेलं, फांद्या छत्रीसारख्या पसरलेल्या. उन्हाळ्यात गुलाबी-पांढऱ्या झुपक्यांची फुलं यायची आणि वारा आला की त्यांचे तंतू खिडकीच्या जाळीत अडकायचे. या झाडाची पानं संध्याकाळी मिटतात. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळे उघडून इकडेतिकडे पाहायला लागलेली बाई हे पहिल्यांदा बघायची आणि शेजारच्या कॉटवरच्या बाईला सांगायची, ‘अगं, झाड झोपलं बघ.’ रुग्ण दुसऱ्या कुणाला असं काही दाखवायला लागला की तो आता सुधारणार, हे आम्हाला अनुभवाने ठाऊक होतं.

एक भाजलेली मुलगी होती, विशीतली. भाजलेल्या रुग्णाचं ड्रेसिंग म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिलं आहे त्याला सांगायला नको. ज्याने पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. तिला पहिले काही दिवस मधल्या रांगेत कॉट होती. मग खिडकीची मिळाली. त्यानंतर ड्रेसिंगची ट्रॉली आली की ती म्हणायची, ‘मला आधी तिकडं वळवा, मग काढा.’ मी जुनी पट्टी सोडवायची आणि ती फांदीवरच्या साळुंक्या मोजायची. मोठ्याने. चुकली की परत पहिल्यापासून. वेदनाशामक इंजेक्शन तेच होतं, मात्रा तीच होती, हात माझेच होते. ओरडणं कमी झालं होतं. रिपोर्ट बुकात मी लिहिलं, ‘ड्रेसिंग सहन केले.’ मन रमतं, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं आणि मी पुढच्या कॉटकडे गेले.

नंतर आमच्याकडे नवी इमारत झाली. ती व्हायलाच हवी होती. ऑक्सिजनची पाइपलाइन प्रत्येक कॉटशी आली, कॉटचं डोकं वरखाली करता येऊ लागलं, लिफ्ट आली. स्ट्रेचर उतारावरून ओढणाऱ्या मावशींच्या कंबरा वाचल्या. मी या इमारतीची तक्रार करत नाही. पण पार्किंगसाठी शिरीष तोडला गेला आणि नव्या वॉर्डाच्या निम्म्या खिडक्या डक्टवर उघडल्या. त्या डक्टमध्ये एसीची बाहेरची यंत्रं, सांडपाण्याचे पाइप आणि कबुतरं. उरलेल्या खिडक्यांची खालची चौकट चार फुटांवर आहे. कॉटवर पडलेल्या बाईला त्यातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. नव्या वॉर्डात गेल्यावर रुग्ण मला एक नवा प्रश्न विचारू लागले: ‘सिस्टर, उजाडलं का?’

शिरीष गेल्याचं दुःख माझं आहे, ते मी आपल्यावर लादत नाही. पण सेवानिवृत्तीनंतर मला एक मदत मिळाली. माझी भाची मेंदूविज्ञान शिकते. मी तिला साळुंक्यांची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने मला एक जुना शोधनिबंध आणून दिला आणि ओळ न् ओळ समजावून सांगितला. त्यानंतर गेली दोन वर्षे मी हेच वाचते आहे. सुंदर काही पाहिल्यावर मेंदूत काय होतं, आणि त्याचा कॉटवरच्या माणसाशी काय संबंध आहे, ते मला आपल्यासमोर मांडायचं आहे.

तो शोधनिबंध रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाचा, १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका उपनगरी रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचे कागद त्यांनी तपासले. वॉर्डाच्या एका बाजूच्या खोल्यांतून झाडं दिसत, दुसऱ्या बाजूच्या खोल्यांतून विटांची भिंत. बाकी खोल्या सारख्या, मजले तेच, सिस्टर त्याच. वय, लिंग, वजन, विडी-सिगारेटची सवय अशा गोष्टी जुळवून त्यांनी २३ जोड्या लावल्या: एक झाडाकडचा, एक भिंतीकडचा. झाडांना पानं असतात ते मे ते ऑक्टोबर हेच महिने धरले. झाडाकडचे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंतीकडचे ८.७० दिवसांनी. शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात भिंतीकडच्यांना जास्त तीव्र वेदनाशामकं लागली. झाडाकडच्यांचं बरंचसं साध्या गोळ्यांवर भागलं.

पण मी हा निबंध हातातून खाली ठेवू शकले नाही याचं कारण दुसरं होतं. रुग्णाची मनःस्थिती कळावी म्हणून उलरिक यांनी परिचारिकांच्या नोंदी वाचल्या होत्या. ‘रडते आहे’, ‘खूप धीर द्यावा लागतो’ अशा नोंदी एकीकडे, ‘मन प्रसन्न आहे’, ‘चांगली हालचाल करते’ अशा दुसरीकडे. भिंतीकडच्या रुग्णांबद्दल पहिल्या प्रकारच्या नोंदी दर रुग्णामागे सरासरी ३.९६ होत्या, झाडाकडच्यांबद्दल १.१३. रात्री तीन वाजता टेबललॅम्पखाली पेंगत, हँडओव्हरच्या आधी आम्ही ज्या दोन ओळी खरडतो, त्या ओळी कुणीतरी मोजल्या होत्या आणि त्यातून काहीतरी निघालं होतं. माझी रिपोर्ट बुकं आता कुठल्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत, मला माहीत नाही.

हा अभ्यास छोटा आहे, हे मी लपवत नाही. ४६ माणसं, एक रुग्णालय, एक शस्त्रक्रिया. तीही पोट उघडून केलेली. आता दुर्बिणीने होते आणि रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातो. स्वतः उलरिक यांनीच लिहून ठेवलं होतं की ती भिंत फारच एकसुरी होती, आणि दीर्घकाळ पडून कंटाळलेल्या रुग्णाला कदाचित गजबजलेला रस्ताही झाडापेक्षा बरा वाटेल. तेव्हा ‘झाड लावा, रुग्ण बरा होईल’ असं मी म्हणत नाही. अपेंडिक्स झाडाने बरा होत नाही. पण वेदना किती जाणवते, झोप लागते का, उठून चालावंसं वाटतं का, या गोष्टींत मेंदूचा वाटा मोठा आहे, आणि मेंदू खिडकीकडे बघत असतो.

आता त्या मेंदूबद्दल.

लंडनमध्ये सेमिर झेकी नावाचे शास्त्रज्ञ आहेत. डोळ्यांनी दिसणाऱ्या रंगाचा आणि हालचालीचा हिशोब मेंदू वेगवेगळ्या ठिकाणी कसा करतो, यावर त्यांनी आयुष्य घालवलं. २००४ साली त्यांनी आणि हिदेआकी कावाबाता यांनी माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून चित्रं दाखवली. कुठलं चित्र सुंदर, कुठलं कुरूप, हे त्या माणसांनीच आधी ठरवून दिलं होतं. सुंदर वाटलेलं चित्र समोर आलं की कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणीच्या अगदी वर असलेला मेंदूचा भाग जास्त काम करू लागे. त्याला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. २०११ मध्ये तोमोहिरो इशिझू यांच्यासोबत त्यांनी हेच संगीतावर करून पाहिलं. चित्र डोळ्यांतून येतं, सूर कानांतून. दोघांच्या वाटा निराळ्या. तरी सुंदर वाटलेलं चित्र आणि सुंदर वाटलेलं संगीत यांनी याच भागातली एक जागा जागी केली. भूक लागली असताना अन्नाची चव लागते, तहानेला पाणी मिळतं, त्या समाधानाचा हिशोबही मेंदू याच परिसरात करतो. हे वाचलं तेव्हा मला ‘डोळ्यांचं पारणं फिटलं’ हा आपला शब्दप्रयोग आठवला. पारणं म्हणजे उपास सोडणं. डोळ्यांनाही उपास घडतो, हे आपल्या भाषेला आधीच ठाऊक होतं.

(एक गंमतीची गोष्ट इथेच सांगते. झेकी यांनी २०१४ मध्ये १५ गणितज्ञांना ६० समीकरणं दाखवली. सुंदर वाटलेल्या समीकरणांनीही तीच जागा उजळली. ऑयलरचं समीकरण बहुतेकांना सगळ्यात सुंदर वाटलं, आणि सगळ्यात कुरूप ठरली ती आपल्या रामानुजन यांची १/π साठीची अनंत श्रेणी. मला दोन्ही सारखीच अगम्य. पण एकाला जे सुंदर ते दुसऱ्याला नसतं, हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.)

संगीताचं आणखी एक. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये वलोरी सलिमपूर, रॉबर्ट झटोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन हे समाधानाशी जोडलेलं रसायन सुटतं; आणि तो क्षण येणार अशी चाहूल लागते तेव्हाही सुटतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. पहाटे जात्यावरची ओवी गुणगुणणारी एक आजी माझ्या वॉर्डात तीन आठवडे होती. ती ओळ अर्धी म्हणून थांबायची आणि पलीकडची कुणीतरी ती पूर्ण करायची. त्या थांबण्यात काय होतं, ते मला आता कळतं.

वेदनेकडे वळते, कारण आपलं काम तिथे आहे. वेदना म्हणजे जखमेपासून मेंदूपर्यंत ओढलेली घंटेची दोरी, असं आपण समजतो. तसं ते नाही, हे रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्येच मांडलं होतं. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे आणि मेंदू वरून निरोप पाठवून ते कमी-जास्त उघडू शकतो. नर्सिंगच्या पुस्तकात हे आम्ही पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, आणि खिडकीशी त्याचा संबंध मात्र कधी लावला नव्हता. इटलीत बारी इथे मारिना दे तोमासो आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये काही निरोगी माणसांच्या हाताला लेसरने चटका दिला आणि त्याच वेळी त्यांना चित्रं दाखवली. स्वतःला सुंदर वाटणारं चित्र समोर असताना चटका कमी जाणवला, आणि मेंदूच्या विद्युत लहरीतला वेदनेचा उंचवटाही खुजा झाला. नुसतं लक्ष वळवायचं असतं तर कुरूप चित्रानेही तेवढंच काम केलं असतं. तसं झालं नाही.

आणि २०२५ मध्ये विएन्ना विद्यापीठातून आलेला अभ्यास तर थेट साळुंक्यांवरचाच म्हणावा. ४९ जणांना एमआरआयमध्ये विजेचे छोटे, दुखतील असे झटके दिले. समोर पडद्यावर कधी निसर्गाचं दृश्य, कधी शहराचं, कधी खोलीच्या आतलं. निसर्ग दिसत असताना वेदना कमी असल्याचं त्यांनी सांगितलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, वेदनेची कच्ची खबर मेंदूत ज्या भागांत पहिल्यांदा पोचते, तिथेच ती हलकी झालेली दिसली. ‘मनाची समजूत’ म्हणून हे बाजूला सारता येणार नाही. भाचीने त्या निबंधातलं चित्र दाखवलं तेव्हा मला त्या मुलीचा आवाज आठवला: अकरा, बारा, तेरा, उडाली.

आपल्या फाइलवर कुणीतरी शेरा मारेल: झाड कशाला, भिंतीवर चांगली पेंटिंग लावू, कॉरिडॉरमध्ये भित्तिचित्रं काढू. त्यालाही उत्तर या संशोधनात आहे, म्हणून थोडी थांबते.

न्यूयॉर्कमध्ये एडवर्ड व्हेसेल, गॅब्रिएल स्टार आणि नावा रुबिन यांनी २०१२ मध्ये १६ जणांना १०९ चित्रं दाखवली आणि विचारलं, हे चित्र तुम्हाला किती हलवतं? बऱ्यापैकी आवडलेल्या चित्रांनी मेंदूतले पाहण्याचे आणि समाधानाचे भाग थोडेफार उत्तेजित केले. पण ज्या मोजक्या चित्रांना त्या माणसाने सर्वोच्च गुण दिले, त्यांच्या वेळी आणखी एक जाळं जागं झालं, जे एरवी माणूस स्वतःत डोकावतो, आपल्या आठवणींत, आपल्या आयुष्याच्या विचारात असतो तेव्हा जागं असतं. बाहेरचं चित्र आतल्या माणसापर्यंत पोचलं की असं होतं. मात्र कुणाला कुठलं चित्र असं भिडेल, यावर त्या १६ जणांचं फारसं एकमत नव्हतं. व्हेसेल यांच्या पुढच्या कामातही हेच दिसलं: कलाकृती आणि इमारतींच्या आवडीनिवडी माणसागणिक बदलतात, निसर्गदृश्यांबाबत मात्र माणसांचं बरंच जुळतं.

यातून आपल्या कामाचा अर्थ सरळ आहे. ३० कॉटच्या वॉर्डात एकच चित्र लावायचं तर ते बहुतेकांना परकं वाटण्याचा धोका आहे. स्वीडनमध्ये उप्साला इथे हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांसमोर उलरिक आणि सहकाऱ्यांनी चित्रं लावून पाहिली. झाडं आणि पाण्याचं दृश्य असलेल्यांची चिंता कमी झाली, पण सरळ रेघांच्या अमूर्त चित्रासमोर असलेले तर कोऱ्या भिंतीकडे बघणाऱ्यांपेक्षाही अस्वस्थ झाले. म्हणून आधी झाड. झाडाला एकमत लागत नाही. शेतकऱ्याची बायको, प्राध्यापिका, ऊसतोडणीला आलेली मजूर बाई, तिघींनाही ते चालतं.

चित्रांना माझा विरोध नाही, उलट ती हवीतच. पण ती कुणी आणि कशी निवडायची, ते विचारून ठरवा. पालघरच्या रुग्णालयात तिथल्याच बायकांनी तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रं असतील तर कॉटवरच्या बाईला ती आपल्या घरच्या भिंतीसारखी वाटतील. तीच चित्रं छापील स्टिकरच्या रूपात राज्यभर प्रत्येक भिंतीवर चिकटवली की तिचंही काही उरत नाही, बाकीच्यांचंही नाही. आणि लहान मुलांच्या वॉर्डातली ती परदेशी कार्टून! तेच उंदीर, तीच बदकं, रंगाच्या डब्यात जो रंग उरला असेल त्यात. आपल्या जिल्ह्यात चित्रकला शिक्षक आहेत, शाळेतली पोरं आहेत. त्यांना एक भिंत द्या आणि दरवर्षी नवं काढायला सांगा.

वॉर्डात फक्त रुग्ण नसतो. जिन्याच्या पायरीवर बसलेला नातेवाईक असतो, ज्याच्या डोक्यात एकच विचार गोल गोल फिरत असतो: पैसे कुठून आणू, आधीच आणलं असतं तर, डॉक्टर खरं सांगतात का. स्टॅनफर्डच्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ३८ जणांना दीड तास चालायला पाठवलं, काहींना गवत-झाडांतून, काहींना वर्दळीच्या महामार्गाच्या कडेने. झाडांतून आलेल्यांच्या डोक्यातलं हे चर्वण कमी झालं होतं आणि त्याच्याशी निगडित मेंदूचा भाग शांत झाला होता. रस्त्याकडून आलेल्यांत तसा बदल नव्हता. आपल्या नातेवाइकांना दीड तास कोण सोडणार? पण बसायला एक पार तर देता येईल. जुन्या रुग्णालयांच्या आवारात वडाला, कडुलिंबाला पार असायचे. डबा तिथे खाल्ला जायचा, रडणं तिथे व्हायचं. आणि आम्ही सिस्टर? सलग सहा नाइट करून सकाळी बाहेर पडताना त्या शिरीषाखाली मी रोज दोन मिनिटं उभी राहायची. एवढं मी स्वतःबद्दल सांगते.

यात नवं काही नाही. आम्ही नर्सिंगला प्रवेश घेतो तेव्हा हातात दिवा घेऊन जिच्या नावाने शपथ घेतो, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये परिचर्येवर लिहिताना हे स्पष्ट सांगितलं आहे. स्वतः तापाने फणफणलेल्या असताना एका झोपडीवजा खोलीत खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं, लाकडाच्या गाठी तेवढ्या समोर होत्या, त्याचा त्रास त्यांनी नोंदवला आहे. आणि भडक रंगाच्या फुलांचा गुच्छ पाहून तापाच्या रुग्णांना झालेला हर्षही. आकार आणि रंग यांची विविधता हे बरं होण्याचं प्रत्यक्ष साधन आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडच्या जुन्या दगडी रुग्णालयांचे लांबट वॉर्ड, दोन कॉटच्या मध्ये एक उंच खिडकी, बाहेर व्हरांडा, हे त्यांच्याच विचारातून आलेले आहेत. त्याहून कितीतरी आधी चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, उपचारगृह कसं असावं ते सांगितलं आहे. त्यात औषधं, भांडी, सेवक यांच्या यादीतच गाणारे, वाद्य वाजवणारे आणि कथा-गाथा सांगण्यात कुशल असे लोक हवेत, असं म्हटलं आहे. करमणुकीचं वेगळं प्रकरण काढलेलं नाही. उपचारांच्या सामानातच ते आहे.

आणि फिनलंडमधलं पायमिओ. १९३३ मध्ये तिथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभं राहिलं, अल्वार आल्टो या वास्तुविशारदाचं. क्षयाला तेव्हा औषध नव्हतं. पाचगणी आणि मिरजेलाही रुग्ण हवा-उजेडासाठीच जात. आल्टोने एक साधी गोष्ट ओळखली: ही खोली पडून राहणाऱ्या माणसाची आहे. म्हणून त्याने खोलीचं छत गडद, डोळ्यांना शांत वाटेल अशा हिरव्या रंगात रंगवलं, दिवा थेट डोळ्यांवर येणार नाही असा बसवला, हात धुण्याच्या बेसिनमध्ये पाण्याचा आवाज होणार नाही असा उतार दिला. बाहेर पाइनचं जंगल. उभ्या माणसाच्या नजरेने खोली काढली असती तर यातलं काही सुचलं नसतं.

आपले नकाशे उभ्या माणसाने काढलेले असतात, हीच माझी मुख्य तक्रार आहे. पडलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. त्याला दिसतं ते छत, पंखा, ट्यूबलाइट, सलाईनची बाटली आणि खिडकीचा वरचा भाग. खिडकीची खालची चौकट दोन फुटांवर आणली की झाड दिसतं, चार फुटांवर ठेवली की टाकी दिसते. सुरक्षेसाठी जाळी लावा, कठडा लावा, पण चौकट खाली आणा. नकाशा मंजूर करण्याआधी प्रत्येक कॉटच्या उशीपासून एक रेघ ओढून पाहा, ती कुठे जाऊन अडते. डक्टवर उघडणारी खिडकी हवेसाठी ठीक, पण ती खिडकी म्हणून मोजू नका.

मोठ्या झाडांचा हिशोब पायाभरणीच्या आधी करा. पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना आपल्याच राज्याच्या कायद्यात २०२१ च्या दुरुस्तीने ‘हेरिटेज वृक्ष’ म्हटलं आहे. असं झाड आवारात असेल तर इमारत दहा फूट सरकवता येते का, हे तांत्रिक मान्यतेच्या वेळी विचारलं जावं. नंतर लावलेलं रोप तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत यायला एक पिढी लागते. आणि कृपा करून खिडक्यांच्या काचांवर योजनांचे फ्लेक्स लावू नका. आतून ते पांढरे दिसतात, त्यावरची अक्षरंही उलटी.

हरकती मला ठाऊक आहेत. संसर्ग, डास, धूळ, माकडं. झाड दिसायला खिडकी उघडीच हवी असं नाही. स्वच्छ काच पुरते, आणि फांदी भिंतीपासून लांब ठेवता येते. पैशांची हरकत सगळ्यात मोठी आणि ती मी मान खाली घालून ऐकते. गॉज संपला म्हणून नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी देऊन त्याला बाहेरच्या दुकानात मी पाठवलं आहे. औषध आधी, सिस्टरांची रिक्त पदं आधी, यात मला शंका नाही. पण खिडकी तर आपण बसवतोच आहोत, तिचा खर्च अंदाजपत्रकात आहेच. ती कुठे आणि किती उंचीवर बसवायची, एवढाच प्रश्न आहे. आणि उभं असलेलं झाड न तोडण्याला निविदा लागत नाही.

वॉर्ड चालवणाऱ्या सिस्टरला नकाशा दाखवण्याची पद्धत आपल्याकडे नाही. आम्हाला इमारत थेट उद्घाटनाला दिसते. ही पद्धत बदला. तिला स्क्वेअर फूट कळणार नाहीत असं वाटत असेल तर तिला एवढंच विचारा, तुझ्या वॉर्डात लोक कुठली कॉट मागतात? कुठली नको म्हणतात? ती न अडखळता सांगेल, आणि दोन्हींची कारणंही सांगेल.

मी स्वतः आता थोडाफार नकाशा वाचायला शिकले आहे. भिंत म्हणजे जाड रेघ, खिडकी म्हणजे भिंतीतल्या बारीक समांतर रेघा, झाड म्हणजे वेडावाकडा गोल. मी पाहिलेल्या नकाशांत हे गोल कंपाउंडच्या कडेने, सारख्या अंतरावर, रिकामी जागा भरायला काढलेले होते. एखादा गोल वॉर्डाच्या खिडकीसमोर आला तर मला कळवा. तो नकाशा पाहायला मी स्वखर्चाने येईन आणि येताना शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा आणीन. त्या आवारातून शेवटच्या वर्षी उचलून ठेवलेल्या आहेत, बी अजून टणक आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका